शेवटच्या पुस्तकाकडून मागायचं काय?

जे. के. रोलिंगच्या हॅरी पॉटर मालिकेचं सातवं आणि शेवटचं पुस्तक, 'डेथली हॅलोज', २१ जुलै २००७ रोजी दुकानांत आलं आणि लगेच त्याच्या शेवटावरून वाद सुरू झाला. २०२३ साली नव्या दूरचित्रवाणी मालिकेची घोषणा झाली तेव्हा तो पुन्हा वर आला आणि अजून शमलेला नाही. एक बाजू म्हणते, दुष्टाचा नाश झाला, मुलं मोठी होऊन संसाराला लागली, याहून चांगला शेवट कोणता? दुसरी म्हणते, हॅरीच्या मित्राचा भाऊ फ्रेड याला मारायची काय गरज होती, लुपिन आणि टॉन्क्स या जोडप्याचं तान्हं बाळ पोरकं कशाला केलं, आणि 'एकोणीस वर्षांनंतर'चा तो शेवटचा भाग तर नकोच होता. दोन्हीकडची माणसं या पुस्तकांवर जीव टाकणारी आहेत. तरी वाद जागचा हलत नाही, कारण दोघांच्या हातातली फूटपट्टी एकच आहे: कोण जगलं, कोण गेलं, कोणाचं कोणाशी जमलं. तिनं पात्रांचं नशीब मोजता येतं. कादंबरीचा शेवट मोजायला ती अपुरी पडते.

माझं म्हणणं आधीच मांडतो. मालिकेच्या शेवटच्या पुस्तकातून जे समाधान मिळतं ते त्या पुस्तकात तयार झालेलं नसतं. ते दोन, चार, सहा पुस्तकं आधी पेरलेलं असतं आणि शेवटच्या पुस्तकात फक्त कापणी होते. जिथे पेरणी जुनी आणि खोल आहे तिथे शेवट कितीही दुःखाचा असला तरी वाचक तृप्त होतो. जिथे पेरणी आदल्या आठवड्यातली आहे तिथे नायक जिंकला तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. आणि या कसोटीवर 'डेथली हॅलोज' पूर्ण पास किंवा पूर्ण नापास होत नाही. चौतिसाव्या प्रकरणात ते असं काही साधतं की त्याला तोड नाही, आणि दोनच प्रकरणं पुढे, छत्तिसाव्यात, ते अडखळतं. एकाच पुस्तकात, इतक्या कमी अंतरावर, हे दोन्ही का घडतं, हे बघितल्याशिवाय या वादात पुढचं पाऊल पडणार नाही.

चौतिसाव्या प्रकरणात हॅरीला कळून चुकलेलं असतं की दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा एक तुकडा आपल्यातच आहे आणि आपण मेल्याशिवाय तो मरणार नाही. तो अदृश्य होण्याचा झगा पांघरून जंगलाकडे चालू लागतो. गळ्यातल्या पिशवीत त्याच्या जादूच्या शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर यानं मृत्युपत्रात ठेवलेला सोनेरी स्निच आहे, म्हणजे झाडूवरच्या खेळात पकडायचा छोटा उडता चेंडू. तो आजवर हातानं उघडलेला नाही. स्निचला पहिल्या स्पर्शाची आठवण राहते. पण हॅरीनं आयुष्यातल्या पहिल्या सामन्यात तो हातानं पकडलाच नव्हता, तो त्याच्या तोंडात गेला होता. ही घटना पहिल्या पुस्तकाच्या अकराव्या प्रकरणात आहे, म्हणजे १९९७ सालची. तेव्हा ती हसू आणणारी होती: अकरा वर्षांचा पोरगा ओकारी आल्यासारखा खोकतो आणि हातात सोन्याचा चेंडू पडतो. दहा वर्षांनी तोच चेंडू हॅरी ओठांशी नेतो, आपण आता मरणार आहोत असं पुटपुटतो, आणि तो उघडतो. आत मेलेल्यांना क्षणभर परत आणणारा खडा. आईवडील, धर्मपिता सिरियस, लुपिन शेजारी येऊन चालू लागतात. हॅरी शत्रूसमोर उभा राहतो आणि छडी उगारत नाही. इथे कुणी वाचक 'हे मध्येच कुठून आलं?' असं विचारत नाही. विचारेल कसा? पहिल्या पुस्तकापासून हे त्याच्या ओंजळीत होतं.

अशा जागा या पुस्तकात आणखी आहेत. पाचव्या पुस्तकात सिरियसच्या जुन्या घराची साफसफाई चालू असते तेव्हा कुणालाच न उघडणारं एक जड लॉकेट अर्ध्या ओळीत येऊन जातं. सहाव्यात हॅरी एक पुस्तक लपवतो आणि जागेची खूण म्हणून एका पुतळ्याच्या डोक्यावर काळवंडलेला मुकुट ठेवतो. सातव्यात दोन्ही वस्तू हॉरक्रक्स निघतात, म्हणजे व्होल्डेमॉर्टनं आपल्या आत्म्याचे तुकडे दडवलेल्या वस्तू. वाचक मागची पानं उलटतो, ती ओळ सापडते, आणि जो आनंद होतो त्याला दुसरं नाव नाही.

आपल्याकडे या आनंदासाठी फार जुनी परिभाषा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखसंधीत बीज पडतं. मधल्या संधींत ते कधी दिसतं, कधी हरवतं. निर्वहणात सगळे विखुरलेले धागे एका अर्थाशी आणून जोडले जातात. आणि भरत असंही म्हणतो की या शेवटच्या संधीत अद्भुत रस असावा. वरवर पाहता या दोन मागण्या एकमेकींना छेद देतात. सगळं आधीच पेरलेलं असेल तर अद्भुत उरेल कसं? उत्तर स्निचमध्ये आहे. अद्भुत म्हणजे आकाशातून पडलेलं नव्हे. समोर असूनही ज्याचा अर्थ आपल्याला लागला नव्हता ते अद्भुत.

आता छत्तिसावं प्रकरण. ग्रेट हॉलमध्ये सगळ्यांच्या देखत हॅरी आणि व्होल्डेमॉर्ट एकमेकांभोवती फिरत आहेत. व्होल्डेमॉर्टच्या हातात एल्डर वाँड, जगातली सर्वांत बलवान छडी. ती त्याला साथ देत नाही, कारण तिचा खरा मालक हॅरी आहे. कसा? सहाव्या पुस्तकात मनोऱ्यावर हॅरीचा शाळेतला वैरी ड्रॅको मॅल्फॉय यानं डंबलडोरला निःशस्त्र केलं, म्हणून छडी ड्रॅकोची झाली. सातव्यात मॅल्फॉयच्या वाड्यावर हॅरीनं ड्रॅकोच्या हातातून त्याची साधी छडी हिसकावली, म्हणून एल्डर वाँडही हॅरीची झाली. त्या क्षणी एल्डर वाँड डंबलडोरच्या थडग्यात पडून होती, तिथे कुणी तिला हातही लावलेला नव्हता. घटना म्हणून ड्रॅकोची चाल एक पुस्तक आधी पेरलेली आहे, हे मान्य. पण हिसकावल्यानं मालकी बदलते हा नियम? तो वाचकाला सातव्या पुस्तकाच्या चोविसाव्या प्रकरणात छडी बनवणारा ऑलिव्हँडर नीट समजावतो. पहिल्या पुस्तकात आपण ऐकलं होतं ते एवढंच की छडी जादूगाराला निवडते.

अडचण एवढ्यावर थांबत नाही, कारण या आधीची पुस्तकं या नियमाच्या विरोधात साक्ष देतात. पाचव्या पुस्तकात डंबलडोर्स आर्मी या विद्यार्थ्यांच्या गुप्त सराव मंडळाच्या पहिल्याच तासाला हॅरी निःशस्त्र करण्याचा मंत्र शिकवतो. खोलीभर छड्या उडतात, पोरं एकमेकांच्या हातातून त्या पुन्हा पुन्हा उडवतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाची छडी पहिल्यासारखी चालते. पुस्तकाची बाजू घेणारे म्हणतात की सराव वेगळा आणि जिंकणं वेगळं. शिवाय एल्डर वाँडचा सगळा इतिहासच जिंकून घेण्याचा आहे. हा युक्तिवाद टाकाऊ नाही, आणि ऑलिव्हँडरही म्हणतो की छड्यांचे कायदे बारीक असतात. पण ज्या नियमावर सात पुस्तकांचा निकाल लागणार आहे तो वाचकानं खुलाशातून समजून घ्यायचा की अनुभवातून ओळखायचा? त्या प्रकरणात हॅरी स्वतः 'छडीला हे ठाऊक असेल तर' अशा भाषेत बोलतो. नायक भर लढाईत उभा राहून नियम समजावून सांगतो, कारण लेखिकेला ते काम आधी करून ठेवता आलेलं नाही.

आणि तरीही तेच प्रकरण पूर्ण कोसळत नाही, यालाही कारण आहे. निर्णायक क्षणी हॅरी जो मंत्र म्हणतो तो मारण्याचा नाही, निःशस्त्र करण्याचा आहे. हा त्याचा ठरलेला मंत्र. दुसऱ्या पुस्तकातल्या द्वंद्व मंडळापासून तो त्याच्या तोंडी आहे, आणि सातव्याच्या सुरुवातीला याच सवयीबद्दल लुपिन त्याला रागे भरतो. म्हणजे स्वभावाचं बीज पाच पुस्तकं जुनं आहे आणि यंत्रणेचं बारा प्रकरणं जुनं. एकाच वाक्यात दोन्हींची कापणी होते. वाचकाचं मन भरतं आणि डोकं कुरकुरतं, ते यामुळे.

माझ्या भूमिकेवर सर्वांत बळकट आक्षेप असा: समाधान झालं की नाही हे ठरवणारा वाचक असतो. त्याचं झालं नसेल तर 'बीज पेरलं होतं बघ' असं सांगून ते होणार आहे का? रस सहृदयाच्या मनात उमटतो हे आपल्याच शास्त्राचं म्हणणं. हा आक्षेप मी पूर्ण स्वीकारतो. कुणाला फ्रेडच्या मरणानं पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं असेल तर ते वाटणं खोटं नाही. पण 'मला वाईट वाटलं' आणि 'माझी फसवणूक झाली' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि या वादात त्या सतत एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. नवव्या शतकात आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त महाभारताच्या शेवटाबद्दल लिहिलं तेव्हा त्यानं ही गाठ सोडवली होती. वृष्णी आणि पांडव यांचं अवसान 'विरस' आहे, ती समाप्ती मन विटवणारी आहे, हे तो सरळ मान्य करतो. मग म्हणतो की मुनीनं ती जाणूनबुजून तशी रचली, कारण त्याला शांत रसाकडे आणि वैराग्याकडे न्यायचं होतं. आणि ती विरस समाप्ती तरी अचानक येते का? यादव एरका गवतानं एकमेकांना मारतात ते मौसलपर्वात, सोळाव्या पर्वात. त्याचं बीज अकराव्यात, स्त्रीपर्वात आहे. पोरांची प्रेतं पाहून गांधारी कृष्णाला शाप देते, छत्तिसावं वर्ष उजाडेल तेव्हा तुझं कूळही असंच संपेल. छत्तीस वर्षं उलटतात. कृष्ण जरा नावाच्या व्याधाच्या बाणानं जातो, द्वारकेतल्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनाला गांडीव साथ देत नाही, लुटारू त्यांना ओढून नेतात. याहून कडू शेवट कोणता असेल? तरी शतकानुशतकं कुणी म्हटलं नाही की व्यासानं फसवलं.

हीच कसोटी 'डेथली हॅलोज'मधल्या मृत्यूंना लावून बघा. डॉबी हा एल्फ, म्हणजे जादूगारांच्या घरी राबणाऱ्या जमातीतला एक, मरतो. त्याला दुसऱ्या पुस्तकात हॅरीनं एका मोज्याची युक्ती करून मुक्त केलं होतं, तो हॅरीला सोडवायला येतो आणि सुरा लागून मरतो. हॅरी म्हणतो, जादूनं नको, फावडं आहे का? आणि समुद्राकाठच्या त्या घराच्या बागेत स्वतः कबर खणतो. घामानं, हाताला फोड येईपर्यंत. हॅरीचा मित्र रॉन डॉबीच्या पायात मोजे चढवतो, ल्यूना डोळे मिटवते. आणि खणता खणताच हॅरीचं ठरतं की ती बलवान छडी मिळवायच्या मागे लागायचं नाही, हॉरक्रक्स शोधायचे. मालिकेतला सर्वांत मोठा निर्णय एका घरगड्याच्या कबरीत उभं राहून होतो. हा मृत्यू रडवतो, आणि त्याबद्दल फसवणुकीची तक्रार फारशी ऐकू येत नाही. आता लुपिन आणि टॉन्क्स. लुपिन तिसऱ्या पुस्तकापासूनचा, हॅरीच्या वडिलांचा जिवलग. त्यांचा शेवट आपण बघतच नाही. तेहतिसाव्या प्रकरणात हॅरी हॉलमध्ये येतो आणि फ्रेडशेजारी दोघं निपचित पडलेली दिसतात, वाक्या-दोन वाक्यांत. इथली तक्रार मला रास्त वाटते. ती 'का मारलं' अशी मांडली की चुकते आणि 'इतक्या घाईनं का' अशी मांडली की बरोबर बसते.

वाचकांचा राग ही नवी गोष्टही नाही. डिसेंबर १८९३ मध्ये कॉनन डॉइलनं शेरलॉक होम्सला रायशेनबाख धबधब्यात ढकललं आणि लंडनचे वाचक खवळले. डॉइलला १९०३ मध्ये त्याला परत जिवंत करावं लागलं. ही हकिकत नेहमी 'लाडका नायक मेला म्हणून लोक चिडले' अशी सांगितली जाते. पण त्या कथेत एक गोष्ट दिसते का बघा. होम्सला मारणारा प्राध्यापक मोरियार्टी वाचकांना पहिल्यांदा भेटतो तो त्याच कथेत. आधीच्या दोन डझन प्रकरणांत त्याचं नावसुद्धा नाही. गुन्हेगारीच्या सगळ्या जाळ्याचा हा मध्यबिंदू, असं आपल्याला सांगितलं जातं आणि काही पानांत तो होम्सला घेऊन दरीत जातो. नायकाचा मृत्यू इतक्या उसन्या माणसाच्या हातून झाल्यावर वाचकांनी तो स्वीकारला नाही, यात नवल काय?

२०१९ च्या मे महिन्यात 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटचा हंगाम संपला आणि तो पुन्हा बनवा अशा मागणीवर १५ लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. तिथेही रोग हाच. मूळ मालिकेचं पाचवं पुस्तक २०११ चं, पुढची दोन बाकी. त्या पुस्तकांचा लेखक मार्टिन यानं निर्मात्यांना शेवटचे मुख्य टप्पे सांगून ठेवले होते. म्हणजे मुक्काम कळला होता, वाट कळली नव्हती. मधल्या दोन जाडजूड पुस्तकांत जी पेरणी व्हायची होती ती न होताच कापणीला विळे निघाले.

दुसरा मोठा गैरसमज धक्क्याबद्दलचा आहे. अनेकांना वाटतं, शेवट आधी ओळखता आला तर तो फसला. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी बनावट लॉकेटमध्ये 'आर. ए. बी.' अशी सही असलेली चिठ्ठी निघते. पुढचं पुस्तक यायला दोन वर्षं होती, जुलै २००५ ते जुलै २००७. एवढ्या काळात असंख्य वाचकांनी ओळखलं की हा सिरियसचा धाकटा भाऊ रेग्युलस ब्लॅक. भाषांतरांनी तर ते उघडंच केलं: डच पुस्तकांत ब्लॅक घराण्याचं आडनाव 'झ्वार्ट्स' असल्यामुळे तिथली सही 'आर. ए. झेड.' अशी छापली गेली. रहस्य असं चव्हाट्यावर आल्यावर सातव्या पुस्तकाच्या दहाव्या प्रकरणाचा रस आटायला हवा होता. तो आटला का? नाही. कारण नाव कळलं होतं, किंमत कळली नव्हती. ब्लॅक घराण्याचा म्हातारा एल्फ क्रीचर स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून, पुढेमागे डुलत, सांगतो की लॉकेट लपवायच्या गुहेत व्होल्डेमॉर्टनं विषारी पेय आधी त्यालाच पाजून बघितलं होतं. मग रेग्युलस त्याला घेऊन पुन्हा त्या गुहेत गेला, या वेळी पेय स्वतः प्यायला, आणि क्रीचरला म्हणाला, तू लॉकेट घेऊन घरी जा. इतकी वर्षं शिव्या पुटपुटणारा, सिरियसच्या मरणाला कारण झालेला हा नोकर एका प्रकरणात आपल्याला समजतो. ओळखू येण्यानं यातलं काय कमी झालं? मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस'पासून सातही पुस्तकं सलग वाचणाऱ्या मुलांना ही दोन वर्षांची वाट बघावी लागत नाही, तर्कांच्या माळा ओवाव्या लागत नाहीत. क्रीचरच्या त्या प्रकरणाला त्यामुळे काही बाधा येत नाही. छडीचा नियम मात्र सलग वाचणाऱ्याला जास्त खटकतो, कारण पाचव्या पुस्तकातल्या उडणाऱ्या छड्या त्याला ताज्या आठवतात.

इथे लेखिकेच्या बाजूनं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मालिका लिहिणाऱ्याला मागे जाऊन पेरता येत नाही. पहिलं पुस्तक १९९७ मध्ये छापून झालं की संपलं. २००६ मध्ये सुचलेला नियम त्यात घुसडता येत नाही. टोल्किननं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९३७ ते १९४९ अशी बारा वर्षं लिहिली आणि पूर्ण झाल्यावर, १९५४-५५ मध्ये, तीन खंडांत छापली. त्याला शेवट हाती आल्यावर सुरुवात दुरुस्त करता आली. एवढंच नाही, त्यानं आधी छापून झालेल्या पुस्तकाचीही दुरुस्ती केली. 'हॉबिट'च्या १९३७ च्या आवृत्तीत कोड्यांच्या पैजेत गुहेतला एकाकी प्राणी गॉलम नायक बिल्बोसमोर स्वतःहून आपली जादूची अंगठी बक्षीस लावतो, ती सापडत नाही तेव्हा माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. अंगठीचा सगळा इतिहास काळा ठरल्यावर असा भला गॉलम चालणार कसा? टोल्किननं ते पाचवं प्रकरण नव्यानं लिहिलं आणि १९५१ च्या आवृत्तीत ते छापलं गेलं. आता गॉलम खुनशी आहे, बिल्बो अदृश्य होऊन तलवार उपसून त्याच्या मागे उभा आहे, आणि त्या एकाकी प्राण्याची कीव येऊन तो त्याला न मारता वरून उडी टाकून निघून जातो. पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये जादूगार गँडाल्फ बिल्बोचा वारस फ्रोडो याला सांगतो की बिल्बोच्या त्या दयेवर पुष्कळांचं भवितव्य ठरेल. आणि ज्वालामुखीच्या तोंडाशी फ्रोडो हरतो, अंगठी माझी म्हणतो. ती नष्ट होते कारण गॉलम जिवंत असतो, फ्रोडोचं बोट चावून तोडतो आणि तोल जाऊन खाली पडतो. ही सोय रोलिंगला नव्हती. मान्य. पण सोय नसताना काय करता येतं तेही तिनंच दाखवलं आहे: स्निच. आधी छापून झालेल्या पानांत जे सहज पडून आहे ते उचलायचं आणि त्याला अर्थ द्यायचा. छडीच्या बाबतीत तिनं तसं केलं नाही, नवा नियम आणला.

काही जण यावर उपाय सुचवतात की शेवटचं पुस्तक मोठं करा, सगळ्यांना जागा द्या. हे करून बघितलं गेलं आहे. 'व्हील ऑफ टाइम' ही मालिका जानेवारी १९९० मध्ये सुरू झाली; लेखक रॉबर्ट जॉर्डन १६ सप्टेंबर २००७ रोजी वारला. त्याची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल हिनं ब्रँडन सँडरसनला निवडलं, एक ठरलेलं शेवटचं पुस्तक वाढून तीन झाली, आणि चौदावं जानेवारी २०१३ मध्ये नऊशेहून अधिक पानांचं निघालं. त्यातलं एकच प्रकरण, शेवटच्या लढाईचं, जवळपास दोनशे पानांचं आहे. एवढी जागा असूनही पदान फेन, जो अगदी पहिल्या पुस्तकात फेरीवाला म्हणून गावात येतो आणि तेव्हापासून नायकाच्या मागावर आहे, तो शेवटी काही थोड्या पानांत निकालात निघतो. डिमँड्रेड हा सेनापती एका अख्ख्या परक्या देशाची फौज घेऊन रणांगणात उतरतो, आणि ती त्यानं कशी जमवली हे सांगणारा भाग पुस्तकातून काढून टाकून त्याच वर्षी दुसऱ्या एका संग्रहात छापावा लागला. उलट नायक रँडचा निर्णय घ्या. अंधाराच्या स्वामीला ठार करायचं नाही, कोंडून ठेवायचं, कारण तो नसलेल्या जगात माणसांना निवड करताच येत नाही. हे पटतं, कारण दोन पुस्तकं आधी डोंगरमाथ्यावर एकटा बसून त्यानं जगाचा नाश करायचा की नाही हा प्रश्न सोडवलेला आहे. लेखक बदलला, पानं वाढली, तरी पुस्तक जमतं आणि फसतं ते याच रेषेवर.

राहिला तो 'एकोणीस वर्षांनंतर'चा भाग. १ सप्टेंबर २०१७, किंग्ज क्रॉस, मुलं आगगाडीत बसतात, हॅरीच्या मुलाचं नाव आल्बस सेव्हेरस. नावावरून झालेली भांडणं मला बिनमहत्त्वाची वाटतात. तो भाग गोड आहे हाही त्याचा दोष नाही. टोल्किननंही फ्रोडोचा सोबती सॅम आणि त्याच्या मुलांचा असाच घरगुती उपसंहार लिहिला होता. तो त्यानं वगळला आणि १९९२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, तो प्रसिद्ध झाला. त्याला तो वगळणं परवडलं, कारण अंगठी शेवटच्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात नष्ट होते आणि त्यानंतर तब्बल सहा प्रकरणं उरतात. त्यांत घरी परतलेल्यांना गावच उद्ध्वस्त झालेलं दिसतं, ते गुंडांकडून सोडवावं लागतं, आणि फ्रोडोची जखम बरी होत नाही म्हणून त्याला कायमचं निघून जावं लागतं. युद्धाचं देणं पानापानानं फेडलं जातं. रोलिंगनं व्होल्डेमॉर्ट पडल्यावर काही पानं घेतली आणि मग एकोणीस वर्षं ओलांडली. हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिनं स्मृती पुसून ऑस्ट्रेलियाला धाडलेले आईवडील परत आले का, ते पुस्तकात नाही. गॉब्लिन या दुसऱ्या जमातीनं छडी बाळगण्याच्या हक्काचा प्रश्न काढला होता, त्याचं काय झालं, ते नाही.

आणि सर्वांत जास्त खटकतो तो एल्फांचा प्रश्न, कारण त्याची पेरणी सर्वांत पक्की होती. चौथ्या पुस्तकात हर्मायनी दोन सिकल नाण्यांना एक असे बिल्ले विकून त्यांच्या हक्कांची संघटना उभी करते आणि सगळे तिला हसतात. सातव्यात, लढाईच्या तोंडावर, रॉन म्हणतो की स्वयंपाकघरातल्या एल्फांना आधी बाहेर काढायला हवं, आपण त्यांना मरायला सांगू शकत नाही. आणि हर्मायनी हातातलं सगळं टाकून त्याला मिठी मारते, त्याचं चुंबन घेते. तीन पुस्तकांचं हसू त्या एका वाक्यात विरघळतं. मग क्रीचर येतो, रेग्युलसचं लॉकेट छातीवर मिरवत, सुऱ्या आणि कोयते घेतलेल्या एल्फांच्या पुढे, ओरडत. इथून लेखिका कुठेही जाऊ शकली असती. छत्तिसाव्या प्रकरणाच्या अगदी शेवटी, सगळं संपल्यावर, दमलेला हॅरी वर आपल्या खाटेचा विचार करतो आणि त्याच्या मनात येतं की क्रीचर तिथे एखादं सँडविच आणून देईल का. ज्या पोरानं एका एल्फसाठी, जादू नको म्हणून, फावडं मागून घेतलं होतं त्याच्या मनात हे येतं. कबरीचं पान चोविसाव्या प्रकरणात आहे. मध्ये फक्त बारा प्रकरणं गेली आहेत.